मीटरमागचे बल्ब काढून एलईडी : कोणते बदलावेत आणि कोणते राहू द्यावेत?

पेचकस (धागाकर्ता)

माझ्या पंचवीस वर्षे जुन्या गाडीच्या मीटरमागचे सगळे बल्ब मी एका सुट्टीच्या दिवशी काढले आणि त्या जागी एलईडी बसवले. काम दुपारी तीनला सुरू झाले आणि सहाला संपले. त्यातून उद्भवलेल्या गोष्टी निस्तरण्यात मात्र आता तिसरा आठवडा चालू आहे. ज्यांना हे काम करायचे आहे त्यांना माझ्या चुकांचा उपयोग व्हावा आणि ज्यांना यातले अधिक कळते त्यांनी माझ्या शंका सोडवाव्यात, अशा दुहेरी हेतूने हा धागा काढला आहे.

मीटर उजळणाऱ्या चार बल्बांपैकी दोन गेले होते, उरलेल्या दोघांच्या काचा आतून काळवंडल्या होत्या आणि वेगाचा काटा चाळिसावर आहे की साठावर, हे पाहायला रात्री मान पुढे काढावी लागत होती. तसेच बल्ब पुन्हा लावता आले असते. पण मीटर बाहेर काढल्यावर दिसले की गाडीच्या आधीच्या मालकाने ३ वॅटच्या जागी ५ वॅटचे बल्ब घातले होते. दोघांचे बूड एकसारखे असल्यामुळे ते निमूट बसतात, फक्त उष्णता वाढते. त्या बल्बांसमोरचे पांढरे प्लास्टिक तपकिरी पडून इतके कुरकुरीत झाले होते की नख लावले तर पापुद्रा निघत होता. म्हणून कमी तापणारा दिवा हवा असे ठरवले.

मीटर काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवली. भोवतीची चौकट चार स्क्रूंवर होती, मीटर तीन स्क्रूंवर. खरा छळ स्पीडोमीटरच्या केबलने केला. ती मागच्या बाजूने खटक्यावर बसलेली असते. मीटर दोन बोटे पुढे ओढल्याशिवाय मागे हात जात नाही आणि केबल सोडवल्याशिवाय मीटर दोन बोटांहून पुढे येत नाही. शेवटी बॉनेटच्या बाजूने केबल थोडी आत सरकवली, तेव्हा जमले.

मीटरच्या पाठीवर तांब्याच्या पट्ट्या छापलेली एक लवचिक फिल्म असते आणि तिच्यावर प्लास्टिकचे होल्डर पाव फेरा फिरवून अडकवलेले असतात. माझ्या गाडीत दोन मापांचे बल्ब निघाले. मीटर उजळणारे चार आणि चार्जिंगचा एक हे टी-१० मापाचे, मूळ ३ वॅटचे. बाकीचे सूचक दिवे टी-५ मापाचे, १.२ वॅटचे. या नावांतला आकडा म्हणजे काचेचा व्यास, साधारण मिलिमीटरमध्ये. दोन्ही मापांचे तयार एलईडी मिळतात, ते आणून सगळेच्या सगळे बदलले.

आता तक्रारी. पहिल्यांदा चावी फिरवली तेव्हा चार दिवे लागलेच नाहीत. एलईडीतून प्रवाह एकाच दिशेने जातो; होल्डर अर्धा फेरा उलटा फिरवून बसवल्यावर लागले, त्यामुळे ती शंका आपोआप मिटली. उरलेल्या अशा : मीटरवर चार ठिकाणी प्रखर ठिपके आणि मधे अंधार आहे. डिमरची, म्हणजे मीटरचा प्रकाश कमी-जास्त करणारी, चकती फिरवली तर प्रकाशात नावापुरता फरक पडतो आणि शेवटच्या टोकाला ‘टक’ होऊन सगळे एकदम विझते; परिणामी रात्री पुढच्या काचेत मीटरचे निळसर प्रतिबिंब सतत दिसत राहते. सकाळी गाडी सुरू केल्यावर चार्जिंगचा दिवा विझत नाही, ॲक्सिलरेटर एकदा जोरात दाबला की विझतो. आणि टाकी भरलेली असताना इंधन संपत आल्याचा दिवा मिणमिणत असतो. बल्ब होते तेव्हा यातले काहीही होत नव्हते.

तांब्याची तार

चार्जिंगच्या दिव्याचे आधी सांगतो, कारण बाकीच्या तक्रारी डोळ्यांच्या आहेत आणि ही बॅटरीची आहे.

आपल्या वयाच्या गाड्यांत तो बल्ब हा नुसता दिवा नसतो, अल्टरनेटरच्या, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राच्या, परिपथाचा एक भाग असतो. त्याचे एक टोक चावीकडून येणाऱ्या १२ व्होल्टला आणि दुसरे अल्टरनेटरच्या फील्डला, म्हणजे त्याच्या फिरत्या भागावरच्या (रोटरवरच्या) गुंडाळीला, जोडलेले असते. अल्टरनेटरने वीज निर्माण करायला सुरुवात करावी म्हणून त्याच्या रोटरमध्ये आधी थोडे चुंबकत्व यावे लागते आणि त्यासाठी लागणारा सुरुवातीचा प्रवाह या बल्बमधून जातो. एकदा वीज निर्माण होऊ लागली की बल्बच्या दोन्ही टोकांना सारखेच व्होल्टेज येते आणि तो विझतो. म्हणजे दिवा विझणे ही ‘चार्जिंग सुरू झाले’ याची पावती असते.

३ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर पाव अँपिअर प्रवाह घेतो. आपण लावलेला एलईडी घेत असेल १५ ते २० मिलिअँपिअर. म्हणजे रोटरला मिळणारा प्रवाह बारा-पंधरा पटींनी घटला आणि तेवढ्यावर अल्टरनेटर जागा होत नाही. ॲक्सिलरेटर दाबल्यावर तो जागा होतो, याचे कारण रोटरच्या लोखंडात उरलेले जुने चुंबकत्व. वेग वाढला की तेवढ्या चुंबकत्वावरही पुरेसे व्होल्टेज तयार होते आणि पुढचा गाडा आपोआप चालतो. आज हे एका दाबात जमते आहे. मात्र ॲक्सिलरेटर न दाबता गाडी गर्दीत मुंगीच्या पावलाने चालवली, तर तेवढा वेळ बॅटरी फक्त खर्च होत राहील.

उपाय दोन आहेत. एक, तिथे जुन्याच वॅटचा बल्ब परत लावावा. दोन, एलईडी ठेवायचाच असेल तर त्याला समांतर ४७ ओहमचा रेझिस्टर जोडावा. १२ व्होल्टवर तो साधारण बल्बाइतकाच प्रवाह देतो आणि त्यात ३ वॅट उष्णता निर्माण होते, म्हणून रेझिस्टर किमान ५ वॅटचा, शक्यतो १० वॅटचा घ्यावा आणि तो प्लास्टिकला किंवा वायरिंगला टेकू देऊ नये. रेझिस्टरचा एक फायदाही आहे : उद्या दिवा गेला तरी चार्जिंग सुरू राहते, तर नुसता बल्ब उडाला की चार्जिंगच सुरू होत नाही.

तरीही मी स्वतः बल्बच ठेवीन. अल्टरनेटरमधला एखादा डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा घटक) खराब झाला की दोन टोकांत थोडाच फरक पडतो आणि फिलामेंट, म्हणजे बल्बची तार, अंधारात मंद लाल दिसू लागते. ज्या एलईडीत प्रकाश देणारे तीन कण एका माळेत आहेत, त्याला पेटायलाच सुमारे ९ व्होल्ट लागतात. तो बिघाड वाढेपर्यंत गप्प बसेल. सूचक दिव्याने असे गप्प बसणे मला पटत नाही.

अर्धी टाकी

इंधनाच्या दिव्याचे कोडे मी स्वतः सोडवले आहे, त्यामुळे ते मी सांगते.

काही जुन्या गाड्यांत टाकीतल्या फ्लोटजवळ एक थर्मिस्टर असतो, म्हणजे तापला की ज्याचा रोध कमी होतो असा घटक. तो आणि डॅशबोर्डवरचा बल्ब एकामागोमाग जोडलेले असतात. टाकी भरलेली असते तेव्हा थर्मिस्टर इंधनात बुडालेला, म्हणून थंड असतो. रोध जास्त, प्रवाह नगण्य, बल्ब विझलेला. इंधनाची पातळी खाली गेली की थर्मिस्टर उघडा पडतो, स्वतःमधून जाणाऱ्या प्रवाहानेच तापतो, त्याचा रोध उतरतो आणि बल्ब हळूहळू उजळतो. वळणावर इंधन हिंदकळले तरी तो दिवा लगेच लुकलुकत नाही, याचे कारण हा संथपणाच आहे.

आता या जोडीतला बल्ब काढून एलईडी लावला तर दोन गोष्टी बिघडतात. टाकी भरलेली असताना थर्मिस्टरमधून जो दोन-पाच मिलिअँपिअरचा प्रवाह झिरपतो, त्याने बल्बची तार कोमटही होत नाही, पण एलईडी मिणमिणायला तेवढा पुरतो. आणि टाकी रिकामी होते तेव्हा एलईडी इतका कमी प्रवाह जाऊ देतो की थर्मिस्टर नीट तापतच नाही, त्यामुळे दिवा हवा तसा उजळत नाही. म्हणजे नको तेव्हा थोडा आणि हवा तेव्हाही थोडाच. मी दोन महिने त्या मिणमिणण्याकडे दुर्लक्ष केले आणि एका संध्याकाळी रस्त्याच्या कडेला गाडी ढकलली. तिथे मूळ बल्ब परत लावा, दुसरे काही करू नका.

पेचकस (धागाकर्ता)

दोघांचेही आभार. दोन्ही बल्ब फेकले नव्हते, ते आज परत लावतो. मी ‘दिवा म्हणजे दिवा’ असे धरून चाललो होतो, तिथेच चुकले. डिमरबद्दल कोणी सांगू शकेल का?

मंदप्रकाश

डिमर कोणत्या प्रकारचा आहे यावर सगळे अवलंबून आहे. चकतीमागे गुंडाळलेली तार दिसत असेल तर तो ऱ्हिओस्टॅट आहे, म्हणजे बल्बांच्या ओळीत घातलेला बदलता रोध. कनेक्टर सोडवून मल्टिमीटरने त्याचा जास्तीत जास्त रोध मोजा, आणि चकती सर्वांत मंद जागी ठेवून त्याच्या दोन टोकांत किती व्होल्ट पडतात तेही मोजून लिहा.

पेचकस (धागाकर्ता)

गुंडाळलेली तार आहे. रोध १० ओहम. गाडी सुरू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट मिळाले आणि ‘टक’ होण्याच्या अगदी आधी डिमरवर ०.७ व्होल्ट पडले.

मंदप्रकाश

मग आपले उत्तर त्या ०.७ मध्येच आहे.

३ वॅटचे चार बल्ब १२ व्होल्टवर मिळून १ अँपिअर घेतात, म्हणजे त्यांचा एकत्रित रोध सुमारे १२ ओहम होतो. त्यांच्या ओळीत १० ओहम घातले की व्होल्टेज जवळजवळ निम्मे वाटले जाते. फिलामेंट थंड झाल्यावर तिचा रोधही उतरतो, त्यामुळे बल्बांच्या वाट्याला निम्म्याहूनही कमी येते. शिवाय फिलामेंटचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात घटत नाही, कोसळतो : व्होल्टेज निम्मे केले की प्रकाश साधारण दहाव्या हिश्श्यावर येतो. डिमर बनवणाऱ्याने हे सगळे गृहीत धरून १० ओहम निवडले होते.

आपले चार एलईडी मिळून घेतात ८० मिलिअँपिअर. १० ओहममधून तेवढा प्रवाह गेला तर व्होल्टेज पडणार पाऊण व्होल्टच्या आसपास, आणि आपल्याला नेमके तेच दिसले. त्या एलईडीत तीन कणांची माळ आणि एक रेझिस्टर असतो. १३.८ व्होल्टवर त्यातून २० मिलिअँपिअर जात असतील, तर पाऊण व्होल्ट कमी झाल्यावर सतरा जातील. हा फरक डोळ्याला जेमतेम कळतो.

ऱ्हिओस्टॅट कामाला लावायचा असेल तर त्याच्यावर पुरेसा भार हवा. एलईडींना समांतर एकच ४७ ओहमचा रेझिस्टर जोडून पाहा. मात्र तो डिमरच्या पुढे, एलईडींच्या बाजूला हवा. माझ्या हिशेबाने सर्वांत मंद जागी एलईडींना ११ व्होल्ट मिळतील आणि प्रत्येकातून ८ मिलिअँपिअर जाईल. रेझिस्टरमध्ये पूर्ण प्रकाशाच्या वेळी ४ वॅट उष्णता निर्माण होईल, म्हणून तो ॲल्युमिनियमच्या कवचाचा, १० वॅटचा घ्या आणि डॅशबोर्डच्या आतल्या लोखंडी पट्टीवर स्क्रूने आवळा. दुसरा मार्ग म्हणजे ऱ्हिओस्टॅट काढून टाकून, दिवा सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करून प्रकाश कमी करणारा इलेक्ट्रॉनिक डिमर बसवावा. तो एलईडीला अधिक योग्य आहे, मात्र हलक्या प्रतीचा असेल तर रेडिओत गुणगुण आणतो.

जुने तेच

मला एक मूलभूत प्रश्न विचारावासा वाटतो, आणि तो चिमटा काढण्यासाठी नाही. उष्णता वाचवण्यासाठी एलईडी लावायचा आणि मग उष्णता निर्माण करणारा ४ वॅटचा रेझिस्टर बसवायचा, यात नेमके साधले काय?

माझ्या गाडीत मूळ वॅटचे बल्ब बावीस वर्षे टिकले. बल्बचे व्होल्टेज ५ टक्क्यांनी उतरले तर त्याचे आयुष्य जवळजवळ दुप्पट होते असा ढोबळ नियम आहे; मी डिमर कायम थोडा खाली ठेवतो, त्याचे हे फळ असावे. शिवाय मीटर अंधुक दिसण्याचे निम्मे कारण बल्ब नसतोच, आतली धूळ आणि पिवळी पडलेली परावर्तक भिंत असते. मी मीटर उघडून मऊ ब्रशने धूळ काढली, आतल्या भिंतीला पांढऱ्या रंगाचा एक हात दिला आणि ३ वॅटचे नवे बल्ब लावले. तेवढ्यावर काम झाले.

पेचकस (धागाकर्ता)

प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर एवढेच की रेझिस्टरची उष्णता मी हवी तिथे, लोखंडावर नेऊन ठेवू शकतो. बल्बची उष्णता त्या कुरकुरीत झालेल्या प्लास्टिकपासून दीड सेंटिमीटरवर निर्माण होते. मीटर धडधाकट असते तर मी कदाचित आपल्याच मार्गाने गेलो असतो. पांढऱ्या रंगाची सूचना मात्र नक्की उचलतो.

काचेपलीकडे

ठिपक्यांविषयी आणि रंगाविषयी लिहिते.

फिलामेंटचा प्रकाश सगळीकडे सारखा पसरतो आणि मीटरचा अंतर्भाग तेच गृहीत धरून घडवलेला असतो : बल्बमागच्या आणि बाजूच्या पांढऱ्या भिंतींवरून उसळून आलेला प्रकाश तबकडीवर पोहोचावा अशी ती रचना असते. बहुतेक एलईडी समोर, एका सुळक्यात प्रकाश फेकतात. तो सुळका तबकडीवर आदळतो तिथे ठिपका दिसतो आणि भिंती अंधारातच राहतात. म्हणून टी-१० मापात ज्याच्या चारही बाजूंना आणि टोकाला कण आहेत असा एलईडी घ्यावा. एकाच कणाचा असेल तर त्याचे टोक बारीक पॉलिश पेपरवर गोल-गोल घासून दुधी करावे, म्हणजे सुळका मोडतो. आपले एलईडी पारदर्शक भिंगाचे असतील, तर हा दहा मिनिटांचा प्रयोग आधी करून पाहा.

दुसरी गोष्ट, होल्डरमधून बल्ब ओढून काढताना त्याच्यावर हिरवी किंवा निळी रबरी टोपी होती का, हे आठवून पाहा. अनेक मीटरांचा हिरवा रंग त्या टोपीचा किंवा तबकडीमागच्या फिल्मचा असतो, बल्ब साधाच असतो. गाळणी फक्त वगळू शकते, जो रंग मुळात आलाच नाही तो निर्माण करू शकत नाही. मी हौसेने हिरव्या फिल्ममागे लाल एलईडी लावले आणि मीटर काळेठिक्कर पडले; एलईडी खराब निघाले असे समजून मी ते दोनदा काढले-घातले. मूळ रंग हवा असेल तर टोपी काढून टाकून त्याच रंगाचा एलईडी लावावा किंवा टोपी ठेवून पांढरा लावावा. पांढऱ्यातही ‘६००० केल्व्हिन’ (केल्व्हिन हे प्रकाशाच्या छटेचे माप) असे लिहिलेला निळसर दिसतो. बल्बच्या जवळचा हवा असेल तर ३००० केल्व्हिनच्या आसपासचा घ्यावा.

निळ्याचा मोह टाळावा. निळा एलईडी व्यवहारात आला १९९०च्या दशकात आणि तो घडवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेलही मिळाले, पण म्हणून तो रात्री डोळ्यांसमोर हवाच असे नाही. अंधाराला सरावलेल्या डोळ्यातल्या दंडपेशी निळ्या-हिरव्या प्रकाशाला सर्वांत संवेदनशील आणि लाल प्रकाशाला जवळजवळ आंधळ्या असतात, त्यामुळे निळ्या मीटरकडे पाहून पुन्हा काळोख्या रस्त्याकडे पाहिले की डोळे पुन्हा सरावायला वेळ घेतात. शिवाय साध्या लाल रंगाचा काटा निळ्या प्रकाशात काळपट होऊन तबकडीत हरवतो.

सूचक दिव्यांचे रंग तर मुळीच बदलू नयेत. हेडलाइटच्या अप्परचा निळा, इंडिकेटरचा हिरवा, ब्रेकचा लाल हे संकेत आयएसओ २५७५ या मानकात आणि संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक १२१ क्रमांकाच्या नियमात ठरवून दिलेले आहेत. दुसऱ्या कोणी ती गाडी चालवायला घेतली, तर त्याला तेच ओळखीचे असतात.

पेचकस (धागाकर्ता)

टोप्या होत्या, हिरव्या, चार. वितळून काचेला चिकटल्या होत्या म्हणून सोलून फेकल्या. मीटर पूर्वी हिरवे का दिसायचे, हे मला आत्ता कळले.

उजवा-डावा

इंडिकेटरच्या दिव्याचे कोणीच काही म्हटले नाही. आपल्या मीटरवर डाव्या-उजव्याला मिळून एकच हिरवा दिवा आहे की दोन वेगळे बाण आहेत?

एकच असेल तर जुन्या रचनेत त्याचे एक टोक डाव्या आणि दुसरे उजव्या बाजूच्या तारेला जोडलेले असते. त्याला स्वतःची अर्थिंग नसतेच. डावा इंडिकेटर लावला की प्रवाह डावीकडून त्या दिव्यात येतो आणि उजवीकडच्या मोठ्या, थंड बल्बांच्या फिलामेंटमधून अर्थिंगला जातो. उजवा लावला की नेमका उलट. बल्बला दिशा नसल्यामुळे तो दोन्ही वेळा लागतो. एलईडी एकाच बाजूला लागेल आणि होल्डर उलटा फिरवला तर दुसऱ्या बाजूला, म्हणजे कसाही बसवला तरी निम्मे काम. त्या जागी आत ब्रिज रेक्टिफायर असलेला, दोन्ही दिशांनी चालणारा एलईडी घ्यावा लागतो. बाहेरचे चारही इंडिकेटर एलईडीचे असतील तर परतीची ती वाट अरुंद होते आणि वेगळाच गोंधळ सुरू होतो. ते बल्बचे असतील तर काही अडचण नाही.

पेचकस (धागाकर्ता)

एकच आहे! आत्ता खाली जाऊन पाहून आलो. डावीकडे वळताना हिरवा दिवा लागतो, उजवीकडे लागत नाही. तीन आठवड्यांत हे माझ्या लक्षातच आले नव्हते, कारण मी ‘टिक-टिक’ आवाजावर चालतो.

खोडरबर

मीटर पुन्हा बाहेर निघणारच आहे, तर संपर्क स्वच्छ करून घ्या. बल्ब चांगला शेदोनशे मिलिअँपिअर ओढतो, त्यामुळे तांब्यावरची ऑक्साइडची पातळ साय तो बऱ्याच वेळा भेदून जातो. एलईडीच्या पंधरा-वीस मिलिअँपिअरला ते साधत नाही आणि खड्ड्यातून गेले की दिवा लुकलुकतो. होल्डर जिथे टेकतो तेवढीच तांब्याची जागा शाळेतल्या खोडरबराने हलक्या हाताने घासा आणि नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा. पॉलिश पेपर वापरू नका. त्या फिल्मवरचे तांबे कागदापेक्षाही पातळ असते आणि एकदा उचलले गेले की पुन्हा चिकटत नाही. होल्डर फिरवताना विरोध जाणवला तर जोर करू नका, तेवढ्यानेही पट्टी सोलून निघते. एलईडीच्या बुडाच्या तारा बल्बच्या तारांपेक्षा बारीक असतात, म्हणून होल्डरच्या आतल्या पितळी जिभा चिमट्याने किंचित आत वळवा.

काही जुन्या मीटरांत काट्यांची थरथर थांबवण्यासाठी आत दाट सिलिकोन तेल भरलेले असते. असे मीटर तासन्‌तास पालथे ठेवले तर ते तबकडीवर उतरते. मीटर उभेच ठेवून काम करा. आणि काट्यांना हात लावू नका, ते ओढून काढले तर पुन्हा नेमक्या जागी बसवणे हा स्वतंत्र उद्योग आहे.

नवखा

मध्येच विचारतो, क्षमस्व. माझी गाडी अलीकडची आहे. मीटर उघडले तर बल्ब नाहीतच. हिरव्या पाटीवर तांदळाच्या दाण्याएवढे एलईडी सोल्डर केलेले आहेत. त्यांचा नारिंगी रंग बदलून मला पांढरा करायचा आहे. नुसते काढून दुसरे सोल्डर केले तर चालेल का?

तांब्याची तार

बहुधा नाही, आणि कारण समजून घ्या. नारिंगी एलईडीला पेटायला सुमारे २ व्होल्ट लागतात, पांढऱ्याला ३ च्या वर. पाटीवर चार नारिंगी एका माळेत असतील तर त्यांना ८ व्होल्ट पुरतात, उरलेले रेझिस्टर खातो. त्याच जागी चार पांढरे लावले तर माळेलाच साडेबारा व्होल्ट हवेत. इंजिन बंद असताना ते लागणारही नाहीत आणि चालू असताना रेझिस्टरच्या वाट्याला जेमतेम व्होल्टभर उरल्यामुळे व्होल्टेजच्या प्रत्येक चढउताराबरोबर नाचतील. आधी माळेत किती कण आहेत ते मोजा, नंतर रेझिस्टरचे गणित नव्याने मांडा. एका पांढऱ्या कणासाठी ते असे होते : १४.४ उणे ३.२ म्हणजे ११.२ व्होल्ट, भागिले ०.०२ अँपिअर, उत्तर ५६० ओहम. त्यात पाव वॅटच्या जवळपास उष्णता निर्माण होते, म्हणून अर्ध्या वॅटचा घ्यावा.

नव्या गाड्यांत एअरबॅग आणि एबीएसच्या दिव्यांना तर हातच लावू नका. काही रचनांत नियंत्रक त्या दिव्याचा परिपथ स्वतः तपासतो आणि बदल दिसला की दोष नोंदवतो. आणि आपला हात सोल्डरिंगवर बसलेला नसेल, तर पहिला प्रयोग स्वतःच्या चालत्या मीटरवर करू नका. एखादी टाकाऊ पाटी घेऊन तिच्यावर वीस कण काढा आणि वीस लावा, मग ठरवा.

पेचकस (धागाकर्ता)

रविवारी मीटर पुन्हा काढले, त्याचा अहवाल देतो.

चार्जिंगच्या आणि इंधनाच्या जागी जुने बल्ब परत गेले. चार्जिंगचा दिवा आता इंजिन सुरू होताक्षणी विझतो आणि इंधनाचा दिवा मुकाट आहे. टाकी रिकामी होईपर्यंत त्याची दुसरी परीक्षा घेता येणार नाही. इंडिकेटरला दोन्ही दिशांचा एलईडी लावला. ऑइल, हँडब्रेक आणि अप्परचे एलईडी होते तसेच ठेवले. ते साध्या स्विचवर चालतात आणि त्यांनी कधी त्रास दिला नव्हता.

मीटर उजळण्यासाठी बाजूंनीही प्रकाश टाकणारे चार एलईडी ३००० केल्व्हिनचे घेतले. सोलून फेकलेल्या टोप्यांऐवजी हिरवे लावावेत असे एकदा मनात आले होते, पण या पिवळसर पांढऱ्यात काट्याचा नारिंगी रंग इतका स्वच्छ उठून दिसला की हिरव्याचा विचार सोडला. आतल्या भिंतींना पांढरा रंग दिला. कुरकुरीत झालेला डावा कोपरा मात्र रंगाखालीही खडबडीत राहिला आहे आणि तिथे प्रकाश अजून थोडा कमी पडतो. खोडरबराने संपर्क घासले तेव्हा रबर काळे झाले, त्यावरून साय किती होती ते कळले.

४७ ओहमचा रेझिस्टर हीटरच्या डक्टपासून दूर, आडव्या लोखंडी पट्टीवर बसवला. अर्ध्या तासाने बोट लावून पाहिले. गरम होता, पण बोट टेकवून ठेवता आले. चकती सर्वांत मंद जागी ठेवून एलईडीवर ११.२ व्होल्ट मिळाले. ‘मंदप्रकाश’ यांनी ११ सांगितले होते.

स्पीडोमीटरची केबल या वेळी पहिल्याच प्रयत्नात बसली. काल रात्री डिमर निम्म्यावर ठेवून तासभर गाडी चालवली, आणि पुढच्या काचेत मीटरचे प्रतिबिंब नव्हते.